जुन्या ऑटोमॅटिक गाडीचा गिअरबॉक्स: इंदूरच्या गाडीवाल्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लोकमान्य नगर, सुदामा नगर, राजेंद्र नगर या भागांतल्या मराठी घरांच्या फाटकात दहा-पंधरा वर्षांची एखादी ऑटोमॅटिक गाडी उभी असते. बाबांनी निवृत्तीच्या पैशांतून घेतलेली होंडा सिटी, नाहीतर ताईची आय-टेन. गाडी मुळात चांगली असते, फारशी फिरलेलीही नसते. मग एके दिवशी ती जोर धरेनाशी होते आणि मिस्त्री बोनेटही न उघडता सांगून टाकतो, "भिया, गिअरबॉक्स गया समझो." हे प्रश्न त्या वाक्यानंतर विचारले जाणारे आहेत. गिअरबॉक्स सगळ्यात शेवटी उघडायचा असतो. त्याआधी बाहेरून तपासण्यासारखं बरंच काही असतं, आणि त्यातलं निम्मं तुम्ही घरच्या अंगणात करू शकता.

माझ्या गाडीत नेमका कोणत्या जातीचा ऑटोमॅटिक आहे?

हे आधी ठरवा, कारण लक्षण एकच असलं तरी जातीप्रमाणे कारण बदलतं. आपल्याकडच्या जुन्या गाड्यांत चार प्रकार भेटतात.

पहिला टॉर्क कन्व्हर्टरवाला, म्हणजे खरा जुना ऑटोमॅटिक; यात इंजिनाची ताकद कन्व्हर्टरमधल्या ऑइलमधून गिअरबॉक्सकडे जाते. झेन आणि एस्टीमचा तीन गिअरचा, आय-टेनचा चार गिअरचा, २००८ ते २०१३ च्या सिटीचा आणि त्या काळच्या सिव्हिकचा पाच गिअरचा, सुरुवातीच्या कोरोला अल्टिसचा चार गिअरचा. दुसरा सीव्हीटी: यात गिअर नसतात, दोन पुल्या आणि त्यांवर स्टीलचा पट्टा असतो. २००८ च्या आधीची सिटी झेडएक्स सीव्हीटी हे ओळखीचं उदाहरण. तिसरा फोक्सवॅगन-स्कोडातल्या डीएसजीसारखा दोन क्लचचा. चौथा एएमटी, जो २०१४ साली सेलेरिओतून भारतात आला. एएमटी म्हणजे साधा मॅन्युअल गिअरबॉक्सच, फक्त क्लच दाबायला आणि गिअर टाकायला यंत्र बसवलेलं. गाडी ब्रेक सोडल्यावर सपाट रस्त्यावर आपोआप सरकते म्हणून तो टॉर्क कन्व्हर्टरच, असं समजू नका. सीव्हीटी आणि काही एएमटीसुद्धा सरकतात. पुस्तिका बघा.

खालची बहुतेक उत्तरं पहिल्या प्रकारासाठी आहेत. सीव्हीटीचा वेगळा प्रश्न पुढे आहे. एएमटीच्या तक्रारी बहुधा क्लचप्लेट आणि ॲक्चुएटरच्या (म्हणजे त्या यंत्राच्या) असतात आणि डीएसजीला त्या कंपनीचा स्कॅनर लावल्याशिवाय बोलण्यात अर्थ नाही, म्हणून ते दोन्ही इथे सोडले आहेत.

मिस्त्रीकडे जाण्याआधी काय टिपून न्यावं?

"गाडी झटके देते" एवढ्यावरून कुणालाच काही कळत नाही. चार गोष्टी वहीत लिहा: बिघाड गार गाडीत होतो की तापल्यावर, कोणत्या गिअरमधून कोणत्या गिअरमध्ये जाताना होतो, हलक्या पायाने होतो की ॲक्सिलरेटर दाबल्यावर, आणि रिव्हर्समध्येही होतो का.

यांतला दुसरा मुद्दा सोन्याचा. फक्त दुसऱ्यावरून तिसऱ्यावर जाताना गडबड होत असेल तर बिघाड गिअरबॉक्सच्या आतल्या त्या गिअरच्या क्लचचा, त्याच्या सोलेनॉइडचा (ऑइलची वाट उघडणारी विजेची झडप) किंवा त्या वाटेवरच्या सीलचा. सगळेच गिअर सारखे ढिले पडत असतील तर बिघाड सगळ्यांना सामाईक असलेल्या गोष्टीत, म्हणजे ऑइलची पातळी, पंप, फिल्टर किंवा प्रेशरमध्ये. डी चालतो पण रिव्हर्स नाही, किंवा उलट, हीसुद्धा मोठी खूण आहे. एवढं लिहून नेलंत तर चांगला मिस्त्री खूश होतो. जो वही बघायलाही तयार नाही, त्याच्या हाती गिअरबॉक्स देऊ नका.

जवाहर मार्गाच्या गर्दीत ही नोंद होत नाही. राऊ ते मांगलिया बायपासवर सकाळी लवकर जा आणि लिहायला शेजारी कुणाला तरी बसवा.

ऑइल कसं तपासायचं? आमच्या मिस्त्रीने बंद गाडीत ऑइल मोजायची काठी (डिपस्टिक) काढून "कम है" सांगितलं.

बंद गाडीत की चालू, हे कंपनीवर अवलंबून आहे, आणि इथेच सगळ्यात जास्त घोळ होतात.

टोयोटा, ह्युंदाई आणि बहुतेक इतरांची पद्धत अशी: गाडी दहा-पंधरा किलोमीटर चालवून पुरती गरम करा, सपाट जागी लावा, हँडब्रेक ओढा. इंजिन चालू ठेवून, ब्रेक दाबून लिव्हर सगळ्या जागांवर एकेक क्षण थांबवत फिरवा आणि पुस्तिकेत पी लिहिलं असेल तर पी, एन लिहिलं असेल तर एनमध्ये ठेवा. इंजिन चालूच असताना काठी काढा, धागे न सुटणाऱ्या फडक्याने पुसा, पुन्हा घालून काढा आणि "हॉट" खुणेवर वाचा.

होंडाचं वेगळं. गाडी गरम करून इंजिन बंद करायचं आणि साठ ते नव्वद सेकंदांच्या आत काठी वाचायची. म्हणजे सिटीवाल्यांच्या मिस्त्रीने बंद गाडीत काठी काढली तर पद्धत बरोबर, फक्त गाडी गरम होती का आणि वेळ पाळली का, तेवढं विचारा. टोयोटा अल्टिसच्या बाबतीत तेच केलं तर वाचलेला आकडा निरुपयोगी.

काही गाड्यांना काठीच नसते. तिथे गाडी रॅम्पवर समतल धरून, ऑइलचं तापमान स्कॅनरवर पाहत, खालच्या बोल्टमधून थेंब पडेपर्यंत पातळी लावतात. हे घरी होत नाही.

आणि ऑइल जास्त घालणंही वाईट. फिरते भाग त्यात बुडून फेस करतात, फेसाला दाब धरत नाही आणि गाडी ऑइल कमी असल्यासारखीच वागू लागते.

ऑइलचा रंग काळपट आहे. म्हणजे गेला का?

पांढऱ्या कागदावर एक थेंब टाकून बघा. नवीन ऑइल लाल किंवा गुलाबी. तपकिरी झालं म्हणजे म्हातारं झालं, बदला; एवढ्यावरून गिअरबॉक्सला दोष देता येत नाही. काळं आणि जळका, उग्र वास येणारं ऑइल म्हणजे क्लचची अस्तरं घासलेली आहेत. नाक इथे डोळ्यांपेक्षा खरं बोलतं.

फिकट गुलाबी, दुधाळ, स्ट्रॉबेरी लस्सीसारखं दिसलं तर गाडी जिथे आहे तिथेच थांबवा. बऱ्याच गाड्यांत गिअरबॉक्सचं ऑइल थंड करणारी नळी रेडिएटरच्याच टाकीत बसवलेली असते. ती आतून सडली की कूलंट ऑइलमध्ये जातं. क्लचची अस्तरं चिकटवलेली असतात आणि पाण्याने ती सुटतात. आपल्याकडे कूलंट कमी झालं की बोअरिंगचं जड पाणी सर्रास ओततात. क्षार साठून रेडिएटर चोंदतो आणि गंजतो, तो असा. रेडिएटर बदलून ऑइल लगेच अनेकदा काढून-भरून धुतलं तर कधी गिअरबॉक्स वाचतो. त्या अवस्थेत आठवडाभर चालवलेला सहसा वाचत नाही.

ऑइल काढताना ड्रेन बोल्टचं चुंबक स्वतः बघा. मऊ राखाडी लेप असणारच, तो नेहमीच्या झिजेचा. बोटाला टोचणारे कण, चकत्या किंवा तुकडे असतील तर आत काहीतरी तुटलं आहे.

कोणतं ऑइल घालावं? दुकानदार म्हणतो, सगळी एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची ऑइलं) सारखीच.

सारखी नाहीत. प्रत्येक ऑइलची घर्षणाची वागणूक त्या गिअरबॉक्सच्या अस्तरांप्रमाणे ठरवलेली असते. जुन्या होंडाला आधी झेड-१ होतं, आता त्याच्या जागी डीडब्ल्यू-१ येतं. जुन्या ह्युंदाईला एसपी-३. टोयोटात काही गिअरबॉक्सना टी-४, नंतरच्यांना डब्ल्यूएस. डब्ल्यूएस पातळ आहे, त्यामुळे टी-४ च्या जागी आपल्या मनाने घालायचं नाही. सीव्हीटीत साधं एटीएफ तर अजिबात नको. सियागंजात किंवा कुठेही घ्या, पण डब्यावर तुमच्या पुस्तिकेतलं नाव छापलेलं असलं पाहिजे. "मल्टी" लिहिलेला डबा शेवटचा पर्याय.

ऑइल बदललं की जुना गिअरबॉक्स बसतो, म्हणजे कामातून जातो, हे खरं का?

अर्धवट. बसलेले गिअरबॉक्स मी पाहतो ते बहुतेक आधीच घसरायला (आरपीएम वाढतात, वेग वाढत नाही) लागलेले असतात. मालक शेवटचा उपाय म्हणून ऑइल बदलतो आणि दोष नव्या ऑइलवर येतो. तरीही मशीन लावून दाबाने फ्लश करणं जुन्या गाडीत मला पटत नाही, कारण वर्षानुवर्षं बसलेला गाळ सुटून व्हॉल्व्ह बॉडीच्या (ऑइल वळवणाऱ्या झडपांच्या ठोकळ्याच्या) बारीक वाटांत अडकू शकतो.

मधला मार्ग साधा आहे. खालचा बोल्ट काढून गळेल तेवढं काढा, मोजून तेवढंच नवीन भरा. साधारण निम्मं ऑइल कन्व्हर्टरमध्ये आणि नळ्यांत राहतं, त्यामुळे एका वेळी अर्धीच अदलाबदल होते. काही दिवस चालवून पुन्हा तेच, मग आणखी एकदा. फिल्टर खालच्या चेंबरमध्ये (ऑइलच्या तबकात) असेल तर पहिल्याच खेपेला चेंबर उघडून तो बदला.

ऑइल जळकं आहे आणि गाडी आधीच घसरते आहे, असं असेल तर नव्या ऑइलवर पैसे घालू नका.

सकाळी डी टाकल्यावर गाडी दोन-तीन सेकंद हलतच नाही, मग धक्का देऊन निघते.

आधी पातळी बघा. ती ठीक असेल तर घड्याळ लावून मोजा. गरम गाडी, ब्रेक दाबलेला, इंजिन मोकळं चालू. एनमधून डी टाकल्यापासून हलका हिसका जाणवेपर्यंतचा वेळ टोयोटाच्या वर्कशॉप पुस्तिकांत १.२ सेकंदांच्या आत आणि रिव्हर्ससाठी १.५ सेकंदांच्या आत धरतात. दोन मोजण्यांमध्ये एक मिनिट जाऊ द्या.

फक्त रात्रभर उभी राहिल्यावर पहिल्यांदाच उशीर होतो आणि नंतर दिवसभर नाही, तर कन्व्हर्टरमधलं ऑइल रात्रीत उतरून खाली येतं आहे किंवा आतली रबरी सील वयाने कडक झाली आहेत. अशी गाडी आणखी बरीच वर्षं चालू शकते. सुरू केल्यावर मिनिटभर थांबा आणि मग निघा. गरम गाडीतही डीला उशीर होतो पण रिव्हर्सला नाही, तर गाडी पुढे नेणाऱ्या क्लचची बाजू. दोन्हींना उशीर, तर प्रेशर. प्रेशर मोजायला गिअरबॉक्सवर खास बोल्ट असतो, तिथे गेज लावतात. हे काम पंधरा मिनिटांचं आहे आणि गिअरबॉक्स उघडण्याआधी ते न करणाऱ्याला कारण विचारा.

आरपीएम वाढतात, वेग वाढत नाही.

हे घसरणं. मोठ्या आवाजात इंजिन फिरतं आणि गाडी आपल्या चालीनं. ऑइल कमी, ऑइल जळकं, प्रेशर कमी किंवा क्लच घासलेले, या क्रमाने शोधा.

पण एक खात्री आधी करून घ्या: आरपीएम खरंच वाढतात का? आरपीएमसुद्धा रेंगाळत असतील आणि गाडीही रेंगाळत असेल, तर गिअरबॉक्स घसरत नाही, इंजिनात ताकद नाही. सायलेन्सरच्या वाटेवरचा चोंदलेला कॅटॅलिटिक, थकलेला फ्युएल पंप, काजळलेला थ्रॉटल. इंजिनाच्या आजारासाठी गिअरबॉक्स उतरवलेल्या गाड्या इंदुरात कमी नाहीत.

तिसरी शक्यता दुर्मीळ पण मजेशीर: उभ्या गाडीतून निघताना अगदी मरगळ, आणि बायपासवर वेग धरला की एकदम ठणठणीत. हे कन्व्हर्टरच्या आतल्या स्टेटरचं (ऑइलचा झोत वळवणाऱ्या चाकाचं) लक्षण आहे. त्याचा एका दिशेने अडणारा क्लच मोकळा झाला की सुरुवातीचा जोर जातो, पुढे काही जाणवत नाही.

स्टॉल टेस्ट घरी करावी का?

नको. पण ती काय असते, ते माहीत असू द्या, म्हणजे गॅरेजात कुणी करताना लक्ष ठेवता येईल. चाकांना अडण्या लावून, दोन्ही ब्रेक पूर्ण दाबून, डीमध्ये ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबायचा आणि आरपीएम कुठे थांबतात ते वाचायचं. पाच सेकंदांपेक्षा जास्त नाही, कारण इंजिनाची सगळी ताकद तेवढ्या वेळात ऑइल तापवण्यात जाते. मग एनमध्ये मिनिटभर तरी थंड होऊ द्यायचं आणि तेच रिव्हर्समध्ये.

आलेला आकडा पुस्तिकेशी ताडायचा. दोन्हीकडे जास्त: प्रेशर कमी. फक्त डीमध्ये जास्त: गाडी पुढे नेणारा क्लच. फक्त रिव्हर्समध्ये जास्त: रिव्हर्सचा क्लच किंवा बँड (आवळून धरणारा पट्टा). दोन्हीकडे कमी: इंजिन अशक्त किंवा वर सांगितलेला स्टेटर. पंधरा-वीस वर्षांच्या गाडीत ही टेस्ट शेवटी ठेवा. सीव्हीटीत पुस्तिकेत लिहिल्याशिवाय करूच नका.

साठ-सत्तरच्या वेगाला गाडी थरथरते, रस्त्यावर बारीक खाचा असाव्यात तशी.

या प्रश्नावर लोक टायर, अलाइनमेंट, बुश, सगळं बदलून येतात.

स्थिर वेगात टॉर्क कन्व्हर्टरच्या आत एक क्लच लागतो आणि इंजिन व गिअरबॉक्स थेट जोडले जातात. याला लॉक-अप म्हणतात. आरपीएमच्या काट्याकडे लक्ष ठेवलंत तर गिअर न बदलताही काटा थोडा खाली उतरतो, तोच तो क्षण. ऑइल जुनं झालं किंवा हा क्लच घासला की तो पकडता-सोडता थरथरतो.

ओळखायची युक्ती: बायपासवर मागे कुणी नसताना, थरथर चालू असतानाच, ॲक्सिलरेटर तसाच धरून डाव्या पायाने ब्रेकला नुसता स्पर्श करा, दिवा लागेल एवढाच. ब्रेकचा दिवा लागताच लॉक-अप सुटतो. थरथर त्याच क्षणी थांबली तर कन्व्हर्टर क्लच; चालूच राहिली तर टायर, एक्सल किंवा इंजिनाचं मिसफायर (एखाद्या सिलिंडरात पेट न घेणं). ज्यांनी आयुष्यभर मॅन्युअल चालवली त्यांनी हे करू नये. त्यांचा डावा पाय ब्रेकला क्लच समजून पुरता दाबतो आणि मागच्या सीटवरच्या आजी पुढे येतात.

मिसफायर आणि लॉक-अप यांची सरमिसळ फार होते. लॉक-अपमध्ये इंजिनाचा बारीकसा ठोकाही थेट चाकांपर्यंत पोचतो, एरवी कन्व्हर्टरचं ऑइल तो गिळून टाकतं. त्यामुळे ब्रेकच्या स्पर्शाने थरथर थांबली तरी स्पार्क प्लग आणि कॉइल एकदा बघाच, स्वस्त आहे. ते चांगले असतील तर बरोबर नावाचं ऑइल दोन-तीन खेपांत बदला. निव्वळ थरथर असेल तर बरेचदा तेवढ्यावर भागतं.

गिअर बदलताना झटके.

डी-आर करताना उभ्या गाडीत "धप्प" आवाज: इंजिनाचं माउंटिंग (इंजिन ज्या रबरी आधारावर बसतं ते) बघा. बोनेट उघडून, ब्रेक दाबून, लिव्हर डी-आर-डी करायला सांगा. इंजिन दोन्हीकडे उडी मारत असेल तर गिअरबॉक्स निर्दोष आहे. उघड्या बोनेटसमोर मात्र उभे राहू नका, बाजूने बघा.

जुन्या गाड्यांत थ्रॉटलपासून गिअरबॉक्सपर्यंत एक केबल असते. ती जास्त ताणलेली असेल तर गिअर उशिरा आणि जोरात बदलतात, सैल असेल तर लवकर आणि लुळे. इंजिनाचं काम करताना कुणीतरी ती हलवलेली असते. गाडी गॅरेजातून आल्यापासूनच झटके सुरू झाले असतील तर पहिला संशय तिथे. बॅटरी काढून लावल्यानंतर काही दिवस किंचित झटके येणं नव्या इलेक्ट्रॉनिक गिअरबॉक्सात नेहमीचं, कंट्रोलर (गिअरबॉक्सचा कॉम्प्युटर) पुन्हा शिकत असतो.

गाडी एकाच गिअरात अडकली आहे, निघताना जड, ऐंशीच्या पुढे किंचाळते.

याला लिम्प मोड म्हणा. कंट्रोलरला काहीतरी न पटणारं दिसलं की तो सगळे सोलेनॉइड सोडून देतो आणि गाडी घरी पोचेल असा एकच गिअर, बहुधा तिसरा किंवा दुसरा, उरतो. बंद करून चालू केल्यावर थोडा वेळ नीट चालते आणि परत अडकते, तर बिघाड बहुतेक विजेचा.

आधी बॅटरी. इंजिन चालू असताना टर्मिनलवर साधारण साडेतेरा ते साडेचौदा व्होल्ट हवेत. अल्टरनेटर कमी देत असेल किंवा अर्थची पट्टी गंजली असेल तर सोलेनॉइड अर्धवट उघडतात आणि कंट्रोलर गोंधळतो. मग गिअरबॉक्सवरची प्लग-जोडणी: काढा, आत ऑइल किंवा हिरवट गंज आहे का बघा, साफ करून लावा. पावसाळ्यात गुडघाभर पाण्यातून गाडी काढली असेल तर हे आधी. घुशी-उंदरांनी वायर कुरतडणं आपल्याकडे फार. अंगणात झाडाखाली उभी राहणारी गाडी असेल तर हार्नेस (वायरांचा जुडगा) हाताने चाचपा. शेवटी सोलेनॉइडचा रोध मीटरने मोजून पुस्तिकेशी ताडा. चालू-बंद प्रकारच्या सोलेनॉइडला अनेक टोयोटांत ११ ते १५ ओहम दाखवतात.

स्कॅनरने कोड पी०७०० दाखवला. गिअरबॉक्स बदलायला सांगताहेत.

पी०७०० चा अर्थ फक्त एवढाच की गिअरबॉक्सच्या कंट्रोलरकडे काहीतरी नोंद आहे, त्याला विचारा. स्वस्त डोंगल (मोबाइलला जोडायचा छोटा स्कॅनर) बरेचदा इंजिनाचाच कंट्रोलर वाचतो आणि इथेच थांबतो. गिअरबॉक्स वाचणारा स्कॅनर लावून दुसरा कोड काढा.

पी०७१५ आत येणाऱ्या वेगाचा सेन्सर, पी०७२० बाहेर जाणाऱ्या वेगाचा. हे दोन्ही बरेचदा बाहेरून बदलता येतात. पी०७३० म्हणजे हिशेबाप्रमाणे या दोन वेगांचं जे गुणोत्तर यायला हवं ते येत नाही, म्हणजे कुठेतरी घसरतं आहे. पण वेगाचा सेन्सर खोटं बोलत असेल तरी हाच कोड येऊ शकतो. पी०७४१ लॉक-अपचा. पी०७५० पासूनचे शिफ्ट सोलेनॉइडचे. पी०२१८ म्हणजे ऑइल फार तापलं.

कोड लिहून घ्या, पुसा, गाडी चालवा, काय परत येतं ते बघा. जुन्या कोडांवर निदान करू नका. आणखी जुन्या गाड्यांत स्कॅनरच्या आधीची सोय असते: होंडात डीचा दिवा, टोयोटात ओव्हरड्राइव्ह ऑफचा दिवा लुकलुकतो. ठराविक दोन पिना जोडल्या की लुकलुकण्याच्या गणतीतून कोड वाचता येतो. चुकीच्या पिना जोडल्या तर कंट्रोलर जातो, म्हणून आकृती समोर ठेवा.

लिव्हर पीमधून निघतच नाही.

मागे जाऊन कुणाला तरी ब्रेकचे दिवे बघायला सांगा. लागत नसतील तर ब्रेक स्विच किंवा फ्यूज. तोच संदेश लिव्हरचं कुलूप उघडतो. तोवर लिव्हरशेजारच्या छोट्या झाकणाखाली किल्ली किंवा पेचकस घालून दाबायची सोय बहुतेक गाड्यांत असते.

पीमध्ये स्टार्टर फिरत नाही पण एनमध्ये फिरतो? इनहिबिटर स्विच (लिव्हर कोणत्या जागी आहे ते कळवणारा) सरकला किंवा झिजला आहे. रिव्हर्सचा दिवाही कधी लागतो कधी नाही, तर खात्रीच.

मे महिन्यात घाटात गाडी घसरायला लागते, खाली आल्यावर बरी.

सिमरोलच्या पुढचा भेरूघाट, ओंकारेश्वरला निघालेलं भरलेलं कुटुंब, एसी चालू, पुढे रांगणारा ट्रक, बाहेर बेचाळीस अंश. गिअरबॉक्सला याहून वाईट दिवस नाही. संथ चढात लॉक-अप लागत नाही आणि कन्व्हर्टर सगळी उष्णता ऑइलमध्ये ओततो. ऑइल एरवी ८० ते ९५ अंशांच्या आसपास बरं असतं; १२० च्या पुढे सतत राहिलं तर ते झपाट्याने मरतं आणि सील कडक होतात. पातळ झालेलं ऑइल थकलेल्या पंपातून आणि सीलमधून निसटतं, म्हणून तापल्यावरच घसरतं.

रेडिएटर बाहेरून पाण्याने धुवा (एसी कंडेन्सर आणि रेडिएटरच्या मधल्या फटीत कापसासारखा कचरा साठतो), पंखा दोन्ही वेगांत चालतो का बघा, कूलंट भरा. चढात डीऐवजी खालचा गिअर धरा, म्हणजे गिअरबॉक्स वर-खाली शोधत बसणार नाही. दरवर्षी घाटात जाणारी जुनी गाडी असेल तर वेगळा ऑइल कूलर बसवून घेणं हा मला सगळ्यात योग्य खर्च वाटतो. घसरू लागलीच तर बाजूला थांबून पीमध्ये इंजिन चालू ठेवा. पंप आणि पंखा फिरत राहिला की ऑइल लवकर थंड होतं. इंजिनाचा तापमानकाटाच लाल झाला असेल तर मात्र इंजिन बंद.

सिटी झेडएक्स सीव्हीटी निघताना थडथडते.

तिच्यात टॉर्क कन्व्हर्टर नाही, सुरुवातीला पकडणारा ओला क्लच आहे, आणि थडथड त्याची. होंडाचं त्याच्यासाठीचं सीव्हीटी ऑइल दोनदा बदला आणि मग क्लचचं कॅलिब्रेशन करून घ्या. या क्रमाने. बऱ्याच गाड्यांची थडथड एवढ्याने जाते. पट्ट्याचा करकर आवाज किंवा धातूचे कण असतील तर ते वेगळं आणि महाग प्रकरण.

बंद पडली तर ढकलून सुरू करता येईल?

नाही. चाकांकडून इंजिन फिरवायला गिअरबॉक्सात दाब हवा, दाब देणारा पंप इंजिनावर चालतो.

आणि टो करून?

त्याच कारणाने सांभाळून. इंजिन बंद असेल तर पंप बंद, म्हणजे आत वंगण पोचत नाही, चाकं मात्र गिअर फिरवत राहतात. पुढच्या चाकांवर चालणारी गाडी पुढून उचलून न्या, नाहीतर सपाट ट्रकवर चढवून. दोरी बांधून महूहून इंदूर, हे ऑटोमॅटिकला नको.

सगळं तपासलं, आता उघडावाच लागणार. काय विचारू?

उघडल्यावर क्लचप्लेट, त्यांमधल्या स्टीलच्या चकत्या आणि पंप तुमच्यासमोर मांडायला सांगा. नुसती पूर्ण सील-किट बसवून बंद करणार का, की घासलेल्या प्लेटही बदलणार? व्हॉल्व्ह बॉडी धुणार का? टॉर्क कन्व्हर्टर कापून दुरुस्त करणार, बदलणार की तसाच बसवणार? जळक्या ऑइलचा गाळ कन्व्हर्टरमध्येच बसतो. तसाच बसवला तर नवा गिअरबॉक्स त्यानेच घाण होतो. कूलर आणि त्याच्या नळ्या धुणं याच कारणाने सक्तीचं.

जोडताना कन्व्हर्टर पंपाच्या खाचांत पूर्ण बसला का, हे मोजपट्टीने मोजतात. अर्धवट बसलेला असताना बोल्ट आवळले की पंप तिथल्या तिथे फुटतो. हे मोजताना तुम्ही हजर असाल तर बरं.

मुंबईच्या कुर्ल्याहून किंवा दिल्लीच्या मायापुरीहून जुना गिअरबॉक्स मागवणार असाल तर त्याच्यावर ठोकलेला कोड तुमच्याशी जुळवा, फक्त गाडीचं नाव नव्हे. एकाच मॉडेलच्या दोन सालांत गिअरबॉक्स वेगळा असतो. त्याचं ऑइल हुंगून आणि चेंबर उघडून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

दिल्लीची जुनी ऑटोमॅटिक स्वस्तात मिळते आहे. घ्यावी का?

२०१४-१५ च्या हरित लवादाच्या आदेशांपासून दिल्ली परिसरात दहा वर्षांपुढच्या डिझेल आणि पंधरा वर्षांपुढच्या पेट्रोल गाड्यांवर गदा आली आणि त्या मध्य प्रदेशात येऊ लागल्या. कागदांची एनओसी वगैरे तपासाच, पण गाडी बघायला जाताना मालकाला आधीच सांगा की इंजिन सुरू करून ठेवू नका. विकणारे गाडी गरम करून ठेवतात, कारण सकाळचा उशीर झाकला जातो.

बोनेटला हात लावा, थंड हवं. सुरू करा, डी आणि आरचा उशीर मोजा. अर्धा तास चालवा, त्यात वीस मिनिटं गर्दीतली हवीत, नुसती मोकळ्या रस्त्याची नकोत. गरम झाल्यावर काठीवरचा थेंब कागदावर. चढावर थांबून निघा. ऑइल अगदी नवं, लालभडक आणि बदलल्याची पावती नाही, तर का बदललं ते विचारा. मग पाच मिनिटं कागदावर उभी करून खाली काय ठिबकतं ते बघा: इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्यातून लाल थेंब येत असेल तर पुढचं सील गेलं आहे. सील स्वस्त, पण ते बदलायला अख्खा गिअरबॉक्स उतरवावा लागतो, आणि ती मजुरी भावातून कापून घ्यायची.